मोठ्या जहाजावरचा सेंड-ऑफ

बहरीनमध्ये मला इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून ओळखणारे कमी आणि सेंड-ऑफवाला म्हणून ओळखणारे जास्त. सित्राच्या आमच्या प्लांटमध्ये कुणी फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमचं घरी निघालं, की सुपरवायझरचा पहिला फोन मला यायचा. मग केक सांगायचा, भेट म्हणून सोनेरी मुलाम्याची छोटी होडी आणायची, फोटोत कोण कुठे उभं राहील ते ठरवायचं आणि शेवटी भाषण करायचं. ही सगळी कामं माझ्याकडे कशी आली ते मला आठवत नाही. एकदा केलं आणि गळ्यात पडलं.

भाषण हिंदीत असायचं, कारण समोर केरळचे, पाकिस्तानचे, नेपाळचे, आपले, सगळेच. सुरुवात ठरलेली: "आज खुशी भी है और ग़म भी." मग त्या माणसाच्या डब्यावर एक विनोद, त्याच्या घोरण्यावर किंवा जुन्या गाडीवर एक विनोद, आणि शेवटी, "गला भर आया है, ज़्यादा नहीं बोलूँगा." गळा कधीच भरून आलेला नसायचा. बाहेर कंपनीची बस इंजिन चालू ठेवून उभी असायची आणि सगळ्यांचं लक्ष केककडे असायचं. एक वाक्य मात्र त्या भाषणात मी कधी घातलं नाही. 'जाऊ नको' असं मी कुणालाच म्हटलं नाही, दुसऱ्या कुणी म्हटलेलंही ऐकलं नाही. ज्याचा व्हिसा संपला, त्याला तसं म्हणणं म्हणजे त्याची चेष्टाच झाली असती.

माझा स्वतःचा सेंड-ऑफ झाला तेव्हा आमच्या सेक्शनमधल्या एका केरळी मुलाने माझंच भाषण मला परत ऐकवलं. खुशी, ग़म, डबा, गळा, सगळं ओळीने. हशाही मी पिकवायचो तिथेच पिकला. मी टाळ्या वाजवल्या, होडी घेतली आणि ती मांडीवर ठेवून बसने माहूजला घरी आलो. वाटेत काही तरी वाटेल म्हणून मी वाट पाहत होतो. काही वाटलं नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग गाल आपलाच असतो पण हात लावला तरी आपला वाटत नाही, तसं झालं होतं. पुढे बरेच दिवस ते तसंच राहिलं.

माहूजच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच होतो, मी आणि माझी मुलगी. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी इथेच जन्मली, इथेच इंग्रजी शाळेत शिकली, आता एका ऑफिसात अकाउंट्स बघते. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते, मध्ये मध्ये मराठी आणि इथलं अरबी 'यल्ला', म्हणजे 'चला', मिसळून. मी वऱ्हाडीत विचारतो, ती इंग्रजीत सांगते, आणि आमचं कधी अडलं नाही. निदान मला तसं वाटत होतं.

नोकरी संपली की माझा रेसिडेन्स व्हिसाही संपणार होता. कंपनीने थोडी मुदत दिली होती. नागपूरला माझा एक बंद फ्लॅट आहे. शेजाऱ्यांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत. मला तिथे जायचं नव्हतं, मुलीजवळ राहायचं होतं. नोकरी करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आई-बापाला आपल्या व्हिसावर ठेवता येतं, हे मी इकडून तिकडून विचारून ठेवलं होतं. फक्त तिने म्हणायला हवं होतं. 'बाबा, इथेच राहा,' एवढंच. मी आपणहून विचारणार नव्हतो. मुलीच्या दारात हात पसरून उभा राहणारा बाप व्हायचं नव्हतं मला. म्हणून मी माझा पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर ठेवून द्यायचो. ती ऑफिसातून यायची, पासपोर्ट उचलायची, खणात नीट ठेवायची आणि ताटं घ्यायची.

एका संध्याकाळी तिने सँडल काढता काढता सांगितलं, "बाबा, वी आर गोइंग ऑन अ क्रूझ. कॅरिबियन. यू अँड मी."

"कायले?" मी म्हटलं. "आपल्याकडं समुद्र नाही काय?"

"बाबा, प्लीज. माझी लीव्ह अप्रूव्ह झाली. यल्ला, डोन्ट से नो."

"मले तिथं नेऊन तू काय करशीन?"

"नथिंग. आपण बसू. खाऊ. पाणी बघू."

मी तिच्याकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. इतकी वर्षं मी तेच तर केलं होतं. ज्याला घालवायचं असतं त्याच्यासाठी केक येतो, फोटो निघतो, होडी मिळते. छोटी होडी कंपनीने दिली होती, आता मोठी होडी मुलगी देत होती. राहा म्हणायचं असतं तर ती तसं म्हणाली असती, त्याला क्रूझ कशाला लागते? मी 'बरं' म्हटलं आणि भात वाढून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून मी सामान बांधायला घेतलं. क्रूझचं नाही, नागपूरचं. कार्गोवाल्याकडून खोकी आणली. कपडे, मिक्सर, घोंगड्या, हत्यारांची पेटी, ती होडीसुद्धा, सगळं भरून पाठवून दिलं. मुलगी दारात उभी राहून बघत होती. "सो फास्ट, बाबा?" ती म्हणाली. मी म्हटलं, "राहू देऊन काय करायचं हाय?" तिने खाली पडलेली चिकटपट्टी उचलून माझ्या हातात दिली. मला ते उत्तरच वाटलं.

जहाज अमेरिकेतून सुटणार होतं आणि तिथला व्हिसा मला मिळणार नाही अशी मला खात्री होती. तो मिळाला. जो मागायचा होता तो मागितला नाही आणि जो नको होता तो आला, असं म्हणून मी माझ्याशीच हसलो. मायामीला पोचलो तेव्हा पाय सुजले होते. जहाज बघून मला आधी वाटलं की ही बंदरातली हॉटेलची इमारत आहे. मग ती हलणार आहे असं कळलं.

जहाज सुटायच्या आधी आणीबाणीच्या सरावाचा भोंगा झाला आणि प्रत्येकाने आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन यायचं होतं. प्लांटमध्ये भोंगा झाला की आम्ही असेंब्ली पॉइंटवर उभे राहायचो आणि शेवटचा माणूस मोजून होईपर्यंत कुणी हलायचं नाही. इथे लोक हातात रंगीत सरबतं घेऊन यायचे, कार्ड दाखवायचे आणि निघून जायचे. मी मात्र उभाच राहिलो. मुलगी म्हणाली, "बाबा, खलास, इट्स डन." मी म्हटलं, "सगळे आले का नाही, कोण सांगन?" ती हसली. माझा हात धरून तिने मला तिथून नेलं. तो हात तिने लिफ्टपर्यंत सोडला नाही, हे मी पाहिलं. पाहिलं एवढंच.

जहाजावर करायला इतकं होतं की मला काहीच करावंसं वाटेना. सकाळपासून कुठे नाच, कुठे संगीत, कुठे बर्फाचा हत्ती कोरायचा कार्यक्रम. मी डेकवर खुर्चीत बसायचो. पाणी निळं होतं. खूपच निळं होतं, रंगवल्यासारखं. लोक त्याचे फोटो काढत होते आणि सुंदर आहे हे मलाही दिसत होतं, जसं दुसऱ्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये दिसतं. माझ्या पिशवीत लिंबाच्या लोणच्याची बाटली होती, ती मी रोज जेवणाच्या हॉलमध्ये न्यायचो. मुलीला आधी लाज वाटली. मग तीही त्यातलं घ्यायला लागली.

ती मधूनच हातातला फोन खाली ठेवायची आणि म्हणायची, "बाबा, आय वॉन्टेड टु टॉक टु यू अबाउट समथिंग." की मी उठायचो. "चाल, वरती पिझ्झा आला असन." नाहीतर, "माह्यी गोळी घ्यायची राह्यली." तिला तिकिटाची तारीख विचारायची असणार, नागपूरच्या फ्लॅटची किल्ली कोणाकडे आहे ते विचारायचं असणार. विचारेल तेव्हा सांगावंच लागेल, पण जितकं पुढे ढकलता येईल तितकं ढकलावं असं मला वाटत होतं. ती हिरमुसून परत फोन उचलायची.

एका बेटावर आम्ही उतरलो. किनाऱ्यावर ती पोहायला गेली आणि तिच्या चपला, गॉगल आणि टॉवेल सांभाळत मी बसलो. लहानपणी बहरीनच्या किनाऱ्यावर ती गुडघाभर पाण्यात जाऊन मागे वळून बघायची, मी आहे ना याची खात्री करायला. इथे ती लांब गेली. सरळ हात मारत गेली, तिचं डोकं एक ठिपका झालं. तिने वळून पाहिलं नाही. मी त्या ठिपक्याकडे बघत होतो आणि मला भीतीही वाटली नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो. पोरगी समुद्रात दिसेनाशी होते आहे आणि बापाला काही वाटत नाही, म्हणजे या माणसाचं काही तरी बिघडलं आहे, हे मला स्वच्छ कळलं.

आमच्या टेबलाला वाढणारा वेटर गोव्याचा होता. मला अंकल म्हणायचा आणि माझ्यासाठी हिरवी मिरची आणायचा. एकदा मी त्याला विचारलं, "तुम लोग का कॉन्ट्रॅक्ट ख़त्म होता है तो सेंड-ऑफ कौन करता है?"

तो हसला. "अंकल, यहाँ हर हफ़्ते पब्लिक का सेंड-ऑफ होता है. अपना कौन करेगा?"

त्याच्या त्या पब्लिकच्या सेंड-ऑफचा अर्थ मला शेवटच्या जेवणाला कळला. दिवे थोडे मंद झाले, गाणं लागलं आणि सगळे वेटर हातातले रुमाल डोक्यावर गरगर फिरवत टेबलांमधून नाचत निघाले. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. आमच्या टेबलावर एक म्हातारं गोरं जोडपं रोज बसायचं. ती बाईसुद्धा रुमाल फिरवायला लागली. आणि त्या गर्दीतून आमचा गोव्याचा वेटर केक घेऊन आला. तो त्याने आमच्या दोघांच्या मधोमध ठेवला. केकवर 'बेस्ट ऑफ लक' लिहिलेलं होतं. नाव नव्हतं. केकवर नाव घालायला मी कधी विसरायचो नाही, हे आधी मनात आलं.

मग मला जे येत होतं ते मी केलं. मी उभा राहिलो. निरोप घेणाऱ्याचं भाषण छोटं असतं, तेही मला पाठ आहे, कारण माझ्या भाषणानंतर प्रत्येक जण तेच करायचा. मी हिंदीत बोललो. समोरच्या जोडप्याला हिंदीचा ह सुद्धा कळत नव्हता, पण ती दोघं अगदी मन लावून ऐकत होती. मी म्हटलं, आप सबने बहुत प्यार दिया. कोई ग़लती हुई हो तो माफ़ करना. मेरी बेटी ने मेरे लिए इतना बड़ा सेंड-ऑफ किया, मैं ख़ुश हूँ, अब अपने गाँव जाकर आराम करूँगा. जोडप्याने टाळ्या वाजवल्या. मी खाली बसलो.

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा," ती म्हणाली, "द केक इज माइन."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "मंग काप न."

"नो, बाबा. सेंड-ऑफ माझा आहे. आय अ‍ॅम लीव्हिंग."

मग तिने सांगितलं. गाणं अजून चालू होतं, म्हणून तिला पुढे वाकून बोलावं लागत होतं. तिचं ऑफिस बहरीनमधलं काम बंद करत होतं. तिचा व्हिसाही त्या नोकरीचाच. जन्म इथला, शाळा इथली, पण इथे जन्माला कोण विचारतो, नोकरी असेल तर माणूस आहे. तिने दुसरीकडे खूप अर्ज केले. शेवटी कॅनडाचं काम झालं. मी गेल्यावर थोड्या दिवसांनी तीही कायमची निघणार होती. "मला तुम्हाला ठेवायचं होतं. आय चेक्ड एव्हरीथिंग," ती म्हणाली. "पण मीच नाही राहणार तर कुठे ठेवू? आणि तुम्ही इतकं फास्ट पॅक केलं. मला वाटलं यू वॉन्ट टु गो होम."

ती रोज सांगायला येत होती आणि मी रोज पिझ्झ्याला पळत होतो. शेवटी तिला वाटलं, आमच्या घरात जाण्याची बातमी केकबरोबरच येते, तर केकच आणावा.

"नंतर मी तुम्हाला तिकडे स्पॉन्सर करीन. इट टेक्स टाइम," ती म्हणाली.

"इंशाल्ला," मी म्हटलं. बहरीनमध्ये राहिलेल्या माणसाला इंशाल्ला कुठल्या सुरात म्हटलं की 'होईल' आणि कुठल्या सुरात म्हटलं की 'काही होत नाही' ते चांगलं माहीत असतं. तिलाही माहीत होतं.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "स्पीच, बाबा? तुम्ही सगळ्यांचं करता."

मी परत उभा राहिलो. जोडप्याने परत काटे-चमचे खाली ठेवले. "आज खुशी भी है और ग़म भी," मी म्हटलं. ये हमारी बहुत पुरानी साथी हैं. मग तिच्या अर्ध्या राहिलेल्या चहाच्या कपांवर एक विनोद केला. फोनच्या चार्जरवर दुसरा. ती हसली, जिथे हसायचं तिथेच. शेवटी मी म्हटलं, "गला भर आया है, ज़्यादा नहीं बोलूँगा." गळा कोरडा होता. मी बसलो, केकचा तुकडा खाल्ला. व्हॅनिला होता. माझ्या पोटच्या पोरीला मी प्लांटमधल्या कुठल्याही वेल्डरला द्यायचं तेच भाषण ऐकवलं होतं आणि मला तेव्हाही काही वाटलं नाही.

परत आल्यावर दिवस भराभर गेले. माझ्या खोलीत पलंग आणि एक पिशवी एवढंच उरलं होतं. मग तिचीही खोकी आली. आधी हॉलमधले पडदे उतरले, मग शेल्फ रिकामं झालं. शेवटी भिंतीवर बायकोचा फोटो आणि खालच्या फळीवर लहान बुद्धमूर्ती राहिली. एका सकाळी आम्ही दोघांनी तिथे बसून वंदना म्हटली. मुलगी पालीतलं सगळं बिनचूक म्हणते, आईने शिकवलेलं. झाल्यावर तिने फोटो टॉवेलात गुंडाळला आणि विचारलं, "हू टेक्स आई?" मी म्हटलं, "तू ने. माह्याजवळ मूर्ती राहू दे." तिने फोटो आपल्या बॅगेत ठेवला.

माझं विमान दुपारचं होतं. तिने गाडी चालवली. रस्ताभर ती तपासत होती. पासपोर्ट? मेडिसिन्स? फोन चार्ज केला? नागपूरला कोण येणार? मी हो हो म्हणत होतो. विमानतळावर तिने ट्रॉली आणली, बॅगा चढवल्या आणि शेवटच्या दारापर्यंत ढकलत नेली. तिथून पुढे फक्त प्रवासी जातात. मी ट्रॉलीच्या दांड्याला हात लावला. तिने आपला हात काढला नाही.

"चाल, येतो," मी म्हटलं. "जेवत जाय टायमावर."

मला वाटलं, आता इंग्रजीत 'टेक केअर' येईल.

"बाबा," ती म्हणाली, "नका जाऊ."

नुसत्या मराठीत म्हणाली. अगदी लहानपणी, शाळेत जायच्या आधी, ती ज्या आवाजात मराठी बोलायची त्या आवाजात म्हणाली. माझ्या हातात पासपोर्ट होता, त्यात तिकीट होतं, व्हिसा रद्द झाला होता. तिला हे सगळं माहीत होतं, तिनेच तर कागद नीट लावून दिले होते. तरी ती म्हणाली. माझ्या डोक्यात भाषणाची पहिली ओळ आली आणि तिथेच थांबली. मग छातीत काही तरी इतकं दुखलं की मला आधी हार्टचं वाटलं. माझे डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं, आणि एवढ्या लोकांसमोर मी रडायला लागलो. तिचा हात माझ्या हाताला लागून आहे, तो गरम आहे, हे मला किती तरी महिन्यांनी कळत होतं.

"मले नाही जायचं," मी म्हटलं.

"आय नो," ती म्हणाली. मग म्हणाली, "माहीत आहे."

आम्ही दोघंही ती ट्रॉली धरून उभे होतो. मागे रांग लागली होती. कुणी तरी "यल्ला, यल्ला" म्हणालं, आणि मग तिने हात काढला.